दिल्लीहून डायनासोरच्या पाऊलखुणांकडे

दिल्ली व परिसरात डायनासोरच्या पाऊलखुणा जतन केलेले एकही उद्यान नाही, आणि तसे होणे शक्यही नाही. याचे कारण भूगर्भात आहे. दिल्लीच्या रिजवर दिसणारा अरवलीचा क्वार्टझाइट खडक १०० कोटी वर्षांहून जुना, म्हणजे डायनासोर अवतरण्याच्या कितीतरी आधीचा आहे. यमुनाकाठचा गाळ त्यांच्या अस्तानंतर कोट्यवधी वर्षांनी साचला. मधला काळ येथील भूस्तरांत नोंदलेलाच नाही.

राजधानीत या प्राण्याचा एक अस्सल अवशेष मात्र पाहता येत असे. १९७८ साली खुल्या झालेल्या, मंडी हाउसजवळील राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयात सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या सॉरोपॉड डायनासोरचे अश्मीभूत हाड ठेवलेले होते. शाळांच्या सहलींचे ते हमखास ठिकाण. २६ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लागलेल्या आगीत या संग्रहालयाची दालने भस्मसात झाली.

पाऊलखुणा पाहण्यासाठी दिल्लीकरांना जैसलमेर गाठावे लागते. जयपूर येथे जानेवारी २०१४ मध्ये जुरासिक कालखंडावरील नववी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्यानिमित्त निघालेल्या अभ्याससहलीत, जोधपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या थईयात गावाजवळ, पोलंड व स्लोव्हाकियाच्या संशोधकांना वालुकाश्मावर तीन बोटांचे ठसे आढळले. मोठा ठसा सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा, लहान अवघा साडेपाच सेंटिमीटरचा. त्यांना अनुक्रमे ‘युब्रोंटिस’ व ‘ग्रालेटर’ म्हणतात. ही नावे प्राण्यांची नव्हेत, ठशांची आहेत. पाऊल नेमके कोणत्या जातीचे, हे केवळ ठशावरून ठरवता येत नाही. ते दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरचे होते, एवढे निश्चित. पुढे जोधपूरच्या जयनारायण व्यास विद्यापीठाच्या संशोधकांनीही याच भागातील ठशांची नोंद केली.

आजचे हे वाळवंट त्या काळी समुद्रकिनारा होते. ओल्या वाळूत पाय रुतला, ठसा सुकला आणि त्यावर गाळाचा नवा थर बसला, म्हणून तो टिकला. वरचा थर झिजून ठसा उघडा पडला की मात्र त्याचे आयुष्य पुन्हा मोजके होते. ऊन, वारा यांच्याइतकेच माणसाचे बूट आणि छिन्नीही त्याला घातक. ठशावर पाय ठेवून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

जाण्यास ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. सकाळी किंवा सायंकाळी जावे. तिरप्या उन्हात ठशांच्या कडा उठून दिसतात, भर दुपारी ते डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. माहितगार वाटाड्या सोबत असावा. जैसलमेरपासून सुमारे १७ किलोमीटरवरील आकल येथील काष्ठजीवाश्म उद्यानही याच सहलीत पाहता येते. तेथे जुरासिक काळातील वृक्षांचे दगड झालेले बुंधे जपलेले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकांना गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात वडदम येथील जीवाश्म उद्यान जवळचे आहे. तेथील मुख्य ठेवा पाऊलखुणांचा नसून अश्मीभूत लाकडाचा व हाडांचा आहे.