सालाद निस्वाझ

सालाद निस्वाझ हे फ्रान्सच्या आग्नेय भागातील, भूमध्य समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या नीस या शहराचे पारंपरिक सॅलड आहे. टोमॅटो, उकडलेली अंडी, खारवलेले अँकोव्ही मासे किंवा कुपा (ट्यूना), काळी ऑलिव्ह फळे व ऑलिव्ह तेल हे त्याचे प्रमुख घटक होत. भाज्यांच्या जोडीला अंडी व मासे असल्यामुळे हा पदार्थ तोंडीलावणे म्हणून न वाढता पूर्ण जेवण म्हणूनही खाल्ला जातो. उकडलेला बटाटा व फरसबी यांचा समावेश करावा की करू नये, हा या सॅलडविषयीचा जुना वाद आहे.

नाव

फ्रेंच भाषेत ‘निस्वाझ’ म्हणजे ‘नीसचे’ किंवा ‘नीस पद्धतीचे’. नीस हे शहर १८६० मध्ये फ्रान्सला जोडले गेले. त्यापूर्वी ते सार्डिनियाच्या राज्यात होते. त्यामुळे तेथील बोली व खाद्यसंस्कृती यांवर इटालीचा प्रभाव दिसतो. स्थानिक बोलीत या पदार्थाला ‘सालादा निसार्दा’ म्हणतात.

इतिहास

हा पदार्थ मुळात साध्या, कष्टकरी घरांतला आहे. टोमॅटो, अँकोव्ही आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावरच त्याचे आरंभीचे रूप उभे होते. त्या काळी कुपा महाग असल्याने तो विशेष प्रसंगीच आणला जाई. एरवी स्वस्त अँकोव्हीवर भागवले जाई.

पुढे पाककृतींच्या पुस्तकांतून या सॅलडची भिन्न रूपे नोंदली गेली. आंरी एरो यांच्या १९०३ मधील नीसच्या पाककलेवरील पुस्तकात अँकोव्ही, आर्टिचोक, कच्ची ढोबळी मिरची, टोमॅटो व काळी ऑलिव्ह आहेत. कुपा आणि लेट्यूसची पाने मात्र नाहीत. नीसजवळच्या विलनव-लूबे या गावी जन्मलेले ख्यातनाम बल्लवाचार्य ओग्युस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांनी आपल्या पाककृतीत उकडलेला बटाटा व फरसबी घेतली. हेच रूप पुढे फ्रान्सबाहेर अधिक प्रसिद्ध झाले. ज्युलिया चाइल्ड यांनी सहलेखिकांसह लिहिलेल्या १९६१ मधील पुस्तकामुळे ते अमेरिकेतील घरांत पोहोचले.

वाद

१९६६ ते १९९० या काळात नीसचे महापौर असलेले झाक मेदसँ यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाककृतींच्या पुस्तकात परंपरेची बाजू ठामपणे मांडली. त्यांच्या मते अंड्यांखेरीज कोणताही घटक शिजवलेला नसावा. बटाटा तर मुळीच नसावा. अँकोव्ही आणि कुपा एकत्र घालणे हेही मूळ परंपरेत बसत नाही, असे त्यांनी नोंदवले. २०१६ मध्ये नामांकित फ्रेंच शेफ एलेन दारोझ यांनी बटाटा व फरसबी असलेली पाककृती समाजमाध्यमावर प्रसिद्ध केली, तेव्हा परंपरावाद्यांनी त्यांच्यावर कडक टीका केली.

या आग्रहामागे केवळ प्रांताभिमान नाही. कच्च्या भाज्यांचा करकरीतपणा व रस हा या सॅलडचा प्राण मानला जातो. शिजलेला बटाटा तो रस शोषून घेतो आणि पदार्थाचा पोतच बदलतो. दुसऱ्या बाजूने पाहता, बटाट्यामुळे पदार्थ स्वस्त व अधिक पोटभरीचा होतो.

घटक

नीसमध्ये ऋतूनुसार मिळेल त्या कोवळ्या भाज्या वापरतात : काकडी, ढोबळी मिरची, मुळा, पातीचा कांदा, कोवळे आर्टिचोक आणि बाकल्याचे कोवळे दाणे. सुगंधासाठी लसूण व बेझिलची पाने असतात. बेझिल ही तुळशीच्याच प्रजातीतील वनस्पती आहे. ऑलिव्ह त्या परिसरातील लहान आकाराच्या काययेतिए या वाणाची घेतात. कोकणात व मुंबईत परिचित असलेली मांदेली ही अँकोव्हीच्याच कुळातील आहे; परंतु सॅलडसाठी मिठात मुरवलेली, तेलातली अँकोव्ही लागते, ताजी मांदेली तिची जागा घेऊ शकत नाही.

घरी करण्याची पद्धत

चार माणसांसाठी साधारणपणे ६ मध्यम टोमॅटो, ४ अंडी, १ काकडी, १ ढोबळी मिरची, ३–४ पातीचे कांदे, मूठभर ऑलिव्ह आणि १० ते १२ अँकोव्हीचे तुकडे किंवा २०० ते ३०० ग्रॅम टिनबंद कुपा घेतात.

टोमॅटोच्या फोडी करून त्यांना मीठ लावतात व काही वेळ निथळत ठेवतात. कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून मीठ अगदी शेवटी घालण्याची पद्धत मराठी घरांत आहे. येथे उलट, पाणी आधीच काढून टाकल्याने टोमॅटोची चव दाट होते आणि तेल पातळ पडत नाही. अंडी १० मिनिटे उकळून, थंड पाण्यात ठेवून सोलतात. ज्या भांड्यात सॅलड वाढायचे, त्याला आतून लसणाची कापलेली पाकळी चोळतात. मग चिरलेल्या भाज्या पसरून त्यांवर अंड्यांच्या फोडी, मासे व ऑलिव्ह मांडतात. शेवटी ऑलिव्ह तेल, मिरपूड व हाताने तोडलेले बेझिल घालतात. अँकोव्ही खारट असल्याने वरून मीठ बेतानेच घालावे लागते. व्हिनेगर काही पाककृतींत असते. मेदसँ यांच्या पद्धतीत ते नाही.

हेच मिश्रण गोल पावात भरून, पावाला तेल व रस मुरू दिला की ‘पान बान्या’ हा नीसचा दुसरा प्रसिद्ध पदार्थ तयार होतो.

पोषण

एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम टिनबंद कुप्यातून साधारण २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. प्रथिने व तेल यांमुळे भूक अधिक काळ भागते. केवळ काकडी-टोमॅटोच्या सॅलडने पोट भरत नाही, याचे कारण मुख्यतः या दोहोंचा अभाव हे होय. मासे न खाणारे लोक अँकोव्ही वगळून उकडलेले छोले किंवा चवळी घालतात. तो पदार्थ पोटभरीचा होतो, मात्र त्याला पारंपरिक सालाद निस्वाझ म्हणता येत नाही.

घ्यावयाची काळजी

बहुतेक घटक कच्चे असल्याने भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुणे आवश्यक असते. मासे व भाज्या यांसाठी सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत. शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उष्ण हवामानात उकडलेली अंडी व उघडलेल्या टिनातील मासे यांबाबत हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. डब्यात न्यायचे झाल्यास भाज्या, अंडी व मासे वेगवेगळे आणि थंड ठेवून खाण्याच्या वेळी एकत्र करणे सोयीचे असते.