शस्त्रक्रियागृहातील थकवा आणि रुग्णसुरक्षा

शस्त्रक्रियागृहात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचे काम परस्परांवर अवलंबून असते. सलग पाळ्या, रात्रीच्या तातडीच्या शस्त्रक्रिया आणि अपुरी झोप यांमुळे त्यांपैकी एकाचेही अवधान ढळल्यास रुग्णाला धोका संभवतो. औषधाची मात्रा चुकणे, मॉनिटरवरील बदल उशिरा लक्षात येणे किंवा उपकरणांच्या मोजणीत गफलत होणे, ही त्याची काही रूपे होत.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, सलग १७ तास जागे राहिल्यास कार्यक्षमतेत होणारी घट रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होणाऱ्या घटीएवढी असते. भारतात वाहनचालकासाठी ही मर्यादा ०.०३ टक्के आहे.

अमेरिकेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात १८ वर्षीय तरुणीचा मृत्यू झाल्यानंतर निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न ऐरणीवर आला. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ती देशभर लागू झाली. युरोपीय संघात सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे.

भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची तरतूद होती. प्रत्यक्षात ती कागदावरच राहिल्याची निवासी डॉक्टरांच्या संघटनांची तक्रार आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये कमाल ७४ तास आणि साप्ताहिक सुट्टीची शिफारस केली. मात्र या तरतुदी निवासी डॉक्टरांपुरत्या आहेत; परिचारिका व तंत्रज्ञ त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

केवळ तास कमी करणे पुरेसे नाही. पाळ्या वाढल्या की रुग्णाची माहिती अधिक वेळा एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावी लागते आणि त्यात त्रुटी राहू शकतात. यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा सूची आणली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मात्र सूची वाचणाराच थकलेला असेल, तर तीही उपचारापुरतीच उरते. म्हणूनच पुरेसे मनुष्यबळ आणि निश्चित विश्रांती या रुग्णसुरक्षेच्या मूलभूत अटी ठरतात.