डिव्हाइन कॉमेडी : मुंबई प्रत आणि लोकमानस

दान्ते आलिगिएरी (१२६५–१३२१) या इटालियन कवीचे नरक, शुद्धिलोक व स्वर्ग अशा तीन खंडांतील काव्य. सर्ग १००, ओळी १४,२३३. दान्तेने त्याला नुसते ‘कॉमेदिया’ म्हटले होते. ‘दिव्य’ हे विशेषण लेखक बोकाचोचे. छापील शीर्षकात ते १५५५ च्या व्हेनिस आवृत्तीपासून आले. लॅटिनऐवजी लोकभाषेत रचलेले म्हणून याची तुलना ज्ञानेश्वरीशी (१२९०) केली जाते. भाषेपुरती ती ठीक आहे. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका, तर येथे कवी स्वतः नरकात उतरतो आणि फ्लॉरेन्समधल्या ओळखीच्या माणसांना तेथे जागा नेमून देतो.

मुंबई प्रत : या काव्याचे एक जुने हस्तलिखित मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या (स्थापना १८०४) संग्रहात आहे. ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (मुंबईचा गव्हर्नर, १८१९–२७) याने दिलेले. लेखनकाळ चौदावे की पंधरावे शतक, यावर एकमत नाही. ‘जगातील सर्वांत जुन्या दोन प्रतींपैकी एक’ हे वृत्तपत्रांचे आवडते वाक्य सावधपणे घ्यावे : पियाचेंझा येथील प्रतीवर १३३६ हे साल आहे आणि एकूण सुमारे ८०० हस्तलिखिते उपलब्ध आहेत. मुसोलिनीच्या काळात इटलीने या प्रतीसाठी दहा लाख पौंड देऊ केले व सोसायटीने ते नाकारले, असे सांगतात. प्रत क्वचितच बाहेर काढली जाते. आख्यायिका मात्र घरोघर पोचली. सोसायटी जेथे आहे त्या टाउन हॉलच्या (१८३३) पायऱ्यांवर विसावणाऱ्यांपैकी अनेकांना दान्ते ठाऊक आहे तो या नाकारलेल्या रकमेमुळे. काव्याची कीर्ती अशीही टिकते.

चित्र व शिल्प : बोत्तिचेल्लीची रेखाटने, गुस्ताव दोरेची ‘नरक’ खंडावरील चित्रे (१८६१). आज ‘दान्तेचा नरक’ म्हणून डोळ्यांपुढे उभा राहतो तो बव्हंशी दोरेचा. रोदँचा ‘विचारमग्न’ हा पुतळा मुळात ‘नरकाचे दार’ या शिल्पासाठी घडवलेला.

संगीत : लिस्टची ‘दान्ते सिंफनी’ (१८५७).

चित्रपट, कादंबरी, खेळ : ‘लिन्फेर्नो’ (१९११) हा इटलीचा पूर्ण लांबीचा मूकपट, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या दोन वर्षे आधीचा. ‘सेव्हन’ (१९९५) मधील खुनी सात महापातकांच्या क्रमाने जातो आणि तपास करणारा पोलीस ग्रंथालयात दान्ते चाळतो. डॅन ब्राउनची ‘इन्फर्नो’ (२०१३) व तीवरील चित्रपट (२०१६). त्यात इरफान खान होता. २०१० चा संगणकीय खेळ काव्यातील नरकाची नऊ वर्तुळे पायऱ्यांप्रमाणे वापरतो. त्यात दान्ते हाती कोयता घेतलेला योद्धा आहे.

मराठी बोलणे : येथे नरक आधीच सजलेला होता. भागवतात अठ्ठावीस नरकांची यादी आहे. रौरव आणि कुंभीपाक हे शब्द शिव्याशापांतही चालतात. त्या नरकांतून जीव शिक्षा भोगून सुटतो. दान्तेच्या नरकातून सुटका नाही, सुटणाऱ्यांसाठी शुद्धिलोकाचा डोंगर वेगळा. मराठी वापरात नऊ वर्तुळे आली, हा डोंगर सहसा आला नाही.