कॉइल तीच, बल्ब नवा

परवा संध्याकाळी भाचा म्हापशाहून आला तो अंगणात स्कूटर चालूच ठेवून मला बाहेर बोलवू लागला. "मामा, बघ तरी!" बाहेर जाऊन बघतो तो काय, पांढराफेक झोत तुळशीवृंदावनाला ओलांडून थेट शेजाऱ्यांच्या माडाच्या शेंड्यावर! स्कूटरचा मूळचा पिवळा बल्ब काढून त्याने बाजारातला एलईडी बसवून घेतला होता. पोरगा खूश होता. रात्री कामावरून परतताना रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत ही त्याची तक्रार खरीच होती. पण माझ्या तोंडून एकदम निघून गेले, "कॉइल तो एनी ए ज छे, भाई." म्हणजे, कॉइल तर तीच आहे. त्याला काही कळले नाही. हे वाक्य कुठून आले ते सांगायचे तर मला तीस वर्षे मागे, बडोद्याला जावे लागेल.

१९९३ साली मी शिकायला बडोद्याला गेलो. मराठी माणसाला बडोदा परके वाटत नाही. सयाजीराव महाराजांची १८७५ ते १९३९ अशी प्रदीर्घ कारकीर्द, रियासतकार सरदेसाईंनी तिथे केलेली नोकरी, रावपुरा आणि दांडिया बाजारातली मराठी घरे, हे सगळे वाचून ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती तिथली नवरात्र. नऊ रात्री सगळे शहर गरब्याला बाहेर पडलेले आणि परतताना मध्यरात्रीनंतर रस्त्यावर स्कूटरींचा पूर! माझ्याकडेही एक स्कूटर होती. मुंबईच्या काकांनी वापरून जुनी केलेली, सत्तरच्या दशकातली बजाज, रेल्वेच्या पार्सलने आलेली. बाकी सगळे ठीक, पण तिचा दिवा म्हणजे देवघरातल्या निरांजनाची धाकटी बहीण.

तो दिवा तसा का होता हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली इटलीतल्या पियाज्जो कंपनीने व्हेस्पा काढली. युद्धाने मोडलेल्या देशाला स्वस्त, साधे, कुणालाही चालवता येईल असे वाहन हवे होते. पहिल्या व्हेस्पाचा दिवा तर हँडलवर नव्हताच, पुढच्या मडगार्डवर होता. पन्नासच्या दशकात तो हळूहळू हँडलवर चढला. बजाजने आपल्याकडे १९४८ पासून स्कूटरी आयात केल्या, १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पियाज्जोशी करार करून व्हेस्पा इथेच बनवली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. पुढचे सगळ्यांना आठवते. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याला स्कूटर मिळणे हेच भाग्य, तो तिच्या दिव्याबद्दल काय तक्रार करणार?

या जुन्या स्कूटरीला, निदान माझ्या स्कूटरीला, बॅटरी नव्हती. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक, त्याच्या आत तांब्याच्या तारेच्या कॉइली. चाक फिरले की वीज तयार, ती सरळ बल्बला. साधी, स्वस्त, न बिघडणारी व्यवस्था. पण तिची एक खोड होती. इंजिन जोरात फिरले की दिवा मोठा, मंदावले की दिवा मंद. म्हणजे समोर खड्डा आहे असा संशय येऊन तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की नेमका त्याच क्षणी अंधार! तेव्हाचे जाणते लोक क्लच दाबून इंजिन गरगरवत खड्डा बघून घेत. दुसरी खोड आणखी गमतीची. पुढचा आणि मागचा बल्ब एकाच कॉइलच्या कमाईवर जगत. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्याच्या अंगावर येई आणि थोड्या वेळात तोही जाई. एकत्र कुटुंबातला प्रकार!

मला तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. मी आपला रावपुऱ्याच्या पलीकडच्या एका गल्लीत गेलो आणि २५ वॅटच्या जागी ३५ वॅटचा बल्ब विकत घेऊन आलो. वॅट जास्त तर उजेड जास्त, हा सरळ हिशेब. बल्ब लावला, आणि दिवा पहिल्यापेक्षाही पिवळा पडला! दुकानदाराने फसवले अशी खात्री होऊन मी चिडून आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता ते वाक्य उच्चारले : कॉइल तो एनी ए ज छे, भाई.

पुढे पुस्तकांत वाचले तेव्हा त्या वाक्याचे शास्त्र कळले. कॉइल देऊ शकते तेवढीच वीज देते. मोठा बल्ब जास्त ओढू लागला की व्होल्टेज खाली येते, आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो. ६ व्होल्टच्या बल्बला ५ व्होल्टच मिळाले तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. उलट व्होल्टेज दहा टक्के वाढले तर उजेड छान वाढतो, पण बल्बचे आयुष्य साधारण एक तृतीयांशच उरते. मेकॅनिककाकांनी जुनाच बल्ब परत लावला, गंजलेली अर्थिंगची जागा घासून काढली, काच आतून पुसली. उजेड दिसण्याइतका वाढला. पैसे फक्त चहाचे घेतले.

पण वय विशीतले. तेवढ्याने समाधान होईना. दुसरीकडे जाऊन मी कॉइल रिवाइंड करून १२ व्होल्टची करून घेतली आणि वर हॅलोजन बल्ब चढवला. हॅलोजनचा शोध १९५९ चा, युरोपात मोटारींना तो १९६२ पासून लागू लागला. त्यात तारेवरून उडालेले टंगस्टन पुन्हा तारेवर येऊन बसते, म्हणून काच काळी पडत नाही आणि तार जास्त तापवता येते. माझी ती म्हातारी बजाज एका दिवसात सूर्यनारायण झाली. काकांना दाखवायला मात्र गेलो नाही.

१९९४ च्या नवरात्रात एका रात्री पावागडला निघालो. बडोद्याहून हालोलमार्गे सुमारे पन्नास किलोमीटर. नवरात्रात कालिकामातेच्या दर्शनाला लोक रात्रभर चालत जातात, हे ऐकले होते. आपल्याकडे पंढरीची वारी, तसे. काही जण दर्शन करून परतत होते, ते समोरून येत होते. माझ्या झोतात माणसे दुरूनच स्पष्ट दिसत होती, अगदी त्यांच्या पायातल्या चपलासुद्धा. मी मनातून खूश. आणि मग लक्षात आले की जो तो डोळ्यांवर हात धरतो आहे. डिपर दिला. डिपरचा झोतही वरच! तेवढ्यात एक म्हातारी बाई डोळ्यांवर हात घेऊन बाजूला सरली आणि रस्त्याच्या कडेवरून खाली घसरली.

मी धावलो. नशिबाने खोल नव्हते. तळहात आणि गुडघा खरचटला होता. बाटलीतल्या पाण्याने धुतला. तिच्याबरोबरचे लोक मला बोलले, ते बरोबरच होते. ती स्वतः चिडली नाही. चप्पल शोधून पायात घालताना एवढेच म्हणाली, "दीकरा, तने देखाय छे, अमने नथी देखातुं." तुला दिसते, आम्हाला दिसत नाही. मी तिथूनच मागे फिरलो, सावकाश, कडेकडेने.

नंतर हेडलाइटबद्दल मिळेल ते वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या दिव्याच्या इतिहासात उजेड वाढवण्याची जेवढी खटपट आहे, तेवढीच तो समोरच्याच्या डोळ्यांपासून लपवण्याची आहे. सुरुवातीला कार्बाइडवर पाणी ठिबकवून जळणारे ॲसिटिलीनचे दिवे होते. मग वीज आली आणि झोत डोळ्यांत जाऊ लागला. १९२५ च्या सुमारास ओसरामने दोन तारांचा 'बायलक्स' बल्ब आणला, एक तार लांबच्या झोतासाठी, दुसरी खालच्या. आपला अप्पर-डिप्पर तो हाच. १९५७ मध्ये युरोपने असा झोत मान्य केला जो आपल्या कडेला लांब जातो आणि समोरच्याच्या बाजूला आखूड राहतो. आता कडा कुठली, डावी की उजवी, हे देशागणिक वेगळे. यात आपल्या गोव्याची एक गंमत आहे. पोर्तुगाल १९२८ साली उजवीकडून चालवू लागला, पण गोव्याने शेजारच्या ब्रिटिश मुलखाला धरून डावी बाजूच ठेवली. राज्य लिस्बनचे, रस्त्याची बाजू मात्र बेळगावची! उजव्या रस्त्यासाठी केलेला दिवा आपल्याकडे लावला तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत चढतो. आणि आपल्या हेडलाइटांच्या वरच्या अर्ध्या भागाला फासलेला काळा रंग आठवतो ना? गावठी खरा, पण उपाय त्याच दुखण्यावरचा.

आज बॅटरीविना स्कूटर दिसत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, दिवसासुद्धा, तुम्ही समोरच्याला दिसावे म्हणून. एलईडी वीजही कमी खातो, तेव्हा भाच्याच्या कॉइलला काही धोका नव्हता. पण कॉइलच्या जागी आता रिफ्लेक्टर आला आहे. त्या वाटीचा आकार एका ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी बेतलेला असतो. तिथे दुसऱ्या आकाराचा, दुसऱ्या जागी बसणारा एलईडी घातला की उजेड भरपूर होतो, पण विस्कटतो. जवळचे लख्ख, लांबचे धूसर, आणि समोरचा आंधळा. कंपनीने मुळातच एलईडीसाठी घडवलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी.

भाच्याला हे तोंडी सांगून पटेना. तेव्हा दोघांनी कंपाउंडच्या भिंतीसमोर स्कूटर उभी केली. वीस पावले मागे. हेडलाइटच्या उंचीवर भिंतीला खडूने आडवी रेघ मारली आणि डिपर लावला. एलईडीचा उजेड रेघेच्या वर-खाली नुसता पसरलेला, कडाच नाही. मग मूळचा ३५ वॅटचा बल्ब लावून पाहिला. उजेड कमी, पण रेघेखाली स्वच्छ कापल्यासारखी कड. काच पुसली, होल्डर साफ केला, तशी ती आणखी उठली. पोरगा गप्प झाला. एलईडी त्याने खिशात घातला.

"आता मी मागे बसतो," मी म्हटले. बसलो, तशी मागची बाजू दबली आणि झोत रेघ ओलांडून वर चढला. रोज तो मित्राला मागे घेऊनच पर्वरीला जातो.

"उतर मामा," तो स्क्रूड्रायव्हर घेऊन म्हणाला, "की तुला बसवूनच स्क्रू फिरवू?"

बसवूनच फिरव, मी म्हटले.