यंत्राचा हुद्दा आणि त्याचे दफ्तर

बँका, विमा कंपन्या आणि दूरध्वनी कंपन्या यांच्या मोठ्या संगणकगृहांत पोलादी चॅसीमध्ये ओळीने उभे बसविलेले जे ब्लेड सर्व्हर आढळतात, त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात एकही डिस्क नसते. वीज मिळताच असा सर्व्हर आपली कार्यप्रणाली तारेच्या पलीकडे असलेल्या सामायिक भांडारातून वाचून घेतो; आणि तो कोण, त्याचे क्रमांक कोणते, भांडारातील कोणत्या डिस्कवर त्याने हक्क सांगावा, हे सारे त्याच्या धातूवर कोरलेले नसून दुसऱ्याच एका यंत्रातील नोंदवहीत लिहिलेले असते. ही व्यवस्था सिद्ध व्हावयास पंचवीस वर्षे लागली, आणि त्या सर्व काळात यंत्राचे शरीर निराळे व त्याची ओळख निराळी, हा एकच विचार हळूहळू प्रौढ होत गेला. संगणकाच्या इतिहासात या विचाराला मिळावयास हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही, असे माझे मत आहे. याचे कारण बहुधा हेच की, त्याचा जनक म्हणून कोणा एकाकडे बोट दाखविता येत नाही.

प्रारंभ झाला तो डिस्कच्या किमतीमुळे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी जी कार्यस्थानके विकली, त्यांत डिस्कविरहित यंत्रे पुष्कळ होती. ४ मेगाबाइट स्मृतीचे सन-३/५० हे त्यांतले प्रसिद्ध. डिस्क महाग होती, ती आवाज करी आणि तापे, म्हणून दहापाच यंत्रांनी मिळून एका सर्व्हरच्या डिस्कवर निर्वाह करावा, ही योजना हिशेबी मनुष्याला तत्काळ पटण्यासारखी होती. परंतु तिच्यात एक मूलगामी अडचण होती. नुकत्याच जागृत झालेल्या यंत्राला स्वतःचा नेटवर्क-पत्ताच ठाऊक नसतो, आणि पत्त्यावाचून त्याला कोणाकडे काही मागता येत नाही. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील फिन्लेसन, मान, मोगल आणि थाइमर या चौघांनी ‘रार्प’ नावाचा करार प्रसिद्ध करून या अडचणीवर पहिला तोडगा काढला: यंत्राने आपल्या नेटवर्क-कार्डावर कारखान्यात कोरलेला क्रमांक सर्वांना ऐकू जाईल असा उच्चारावा, आणि ज्याच्यापाशी यादी असेल त्याने त्याचा पत्ता सांगावा. मात्र ही विचारणा आपल्या जाळ्याची वेस ओलांडू शकत नसे, आणि पत्त्यापलीकडे काही सांगण्याची सोयही तिच्यात नव्हती.

पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ हा करार मांडला. त्यात पत्त्याबरोबरच कोणत्या सर्व्हरकडून कोणती फाइल आणावयाची हेही कळविण्याची सोय होती, आणि मधल्या एखाद्या यंत्राने ही मागणी पुढच्या जाळ्यात पोहोचवावी अशीही तरतूद होती. फाइल आणण्याचे काम ‘टीएफटीपी’कडे असे, ती ५१२ बाइटांचा एकेक तुकडा पाठवी आणि त्याची पोच आल्याखेरीज पुढचा तुकडा सोडीत नसे. ही रीत मंद खरी, पण एवढी साधी की, कार्डावरच्या इवल्याशा चिपमध्ये ती सहज मावे. बूटपीच्या मसुद्यातील एका कलमाविषयी मला विशेष आदर वाटतो. वीज जाऊन परत आली की सर्व यंत्रे एकाच क्षणी जागी होतील आणि एकाच वेळी मागणी करू लागतील, हे ओळखून कर्त्यांनी असे सुचविले होते की, उत्तर न मिळाल्यास प्रत्येकाने थोडा अनियमित काळ थांबावे, प्रत्येक खेपेस थांबण्याचा काळ वाढवावा, आणि तो सरासरी साठ सेकंदांपर्यंत पोहोचल्यावर अधिक वाढवू नये. ज्यांनी यंत्रे केवळ कागदावर पाहिली नव्हती, अंधारात ती एकदम बंद पडतात तेव्हा काय होते याचा ज्यांनी विचार केला होता, अशा माणसांचे हे लेखन आहे.

तथापि या पहिल्या प्रयोगाला उतरती कळा लागली. स्मृती अपुरी पडली की यंत्र आपली पाने दूरच्या डिस्कवर लिहू लागे, आणि सर्वांत मिळून सेकंदास १० मेगाबिट वाहून नेणारा तो इथरनेटचा मार्ग त्या ओझ्याने तुंबे. तेवढ्यात डिस्क स्वस्त झाल्या आणि जो तो आपापली डिस्क पोटात बाळगू लागला. विचार मात्र ठिकठिकाणी जिवंत होता. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली जो ‘परम ८०००’ महासंगणक उभा केला, तो ज्या ट्रान्सप्युटर चिपांचा बनलेला होता, त्यांना स्वतःच्या रॉमवाचूनही चालू होता येत असे. चार दुव्यांपैकी कोणत्याही एका दुव्यावरून शेजाऱ्याने धाडलेला पहिला बाइट पुढच्या मजकुराची लांबी सांगे, आणि तेवढा मजकूर स्मृतीत उतरवून घेऊन चिप तोच चालवू लागे. इकडे १९९३ मध्ये बूटपीचा विस्तार होऊन ‘डीएचसीपी’ आली, आणि १९९९ मध्ये इंटेलने ‘पीएक्सई’चे २.१ हे विवरण प्रसिद्ध केल्यावर सामान्य पीसीच्या कार्डातही नेटवर्कवरून चालू होण्याची शक्ती आली.

सर्व्हरांच्या जगात खरी क्रांती झाली ती फायबर चॅनेलमुळे. १९९४ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून मान्य झालेल्या या तंत्राने डिस्क सर्व्हरच्या पेटीतून बाहेर काढून स्वतंत्र भांडारात नेल्या, आणि अशा भांडारांच्या जाळ्याला सॅन हे नाव रूढ झाले. सर्व्हरमधील फायबर चॅनेल कार्डावरचा लहानसा प्रोग्राम जुन्या बायोसला असे भासवी की, दूरची डिस्क हीच यंत्रातली पहिली डिस्क आहे. पुढे कार्यप्रणालीला तो भास सांभाळण्याचे काम उरे. पण या भासाच्या मागे तीन ठिकाणचे दफ्तर एकमेकांशी जुळावे लागे. प्रत्येक कार्डाला ६४ बिटांचे, म्हणजे सोळा अंकांचे, एक जागतिक नाव असते. सर्व्हरच्या कार्डात भांडाराच्या दाराचे नाव आणि डिस्कचा, म्हणजे लनचा, क्रमांक भरावयाचा. स्विचवर त्या कार्डाला त्या दाराशी बोलण्याची परवानगी देणारा झोन लिहावयाचा. आणि भांडारावर अमुक लन अमुक नावालाच दिसावा असे मास्किंग करावयाचे. एका अंकाची चूक झाली तरी सर्व्हर काळ्या पडद्यावर थांबून राही, आणि चूक तिघांपैकी कोणाच्या वहीत आहे हे शोधण्यात रात्र जाई. कार्ड जळाले तर संकट याहून मोठे, कारण नवे कार्ड नवे नाव घेऊन येई, आणि ज्या यंत्राची डिस्क शाबूत, विदा शाबूत, त्याला केवळ नाव बदलल्यामुळे स्वतःच्याच घरात प्रवेश मिळत नसे. मग सर्व्हर, स्विच आणि भांडार या तिन्ही खात्यांच्या माणसांनी पुनश्च आपापल्या वह्या दुरुस्त करावयाच्या. डिस्क बाहेर गेली होती, पण ओळख अजून शरीराशीच जखडलेली होती.

ब्लेड सर्व्हर आले आणि ही अडचण शतगुणित झाली. २००१ मध्ये टेक्ससच्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीज कंपनीने केवळ ३ यू (यू हे रॅकमधील उंचीचे एकक) उंचीच्या चॅसीत २४ ब्लेड बसवून दाखविले. २००२ मध्ये आयबीएमचे ब्लेडसेंटर आले, ज्याच्या ७ यू उंचीत १४ ब्लेड मावत. एवढ्या दाटीत उष्णता निर्माण करणारी आणि सर्वांत लवकर झिजणारी फिरती डिस्क कशाला ठेवावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. मॅसॅच्युसेट्समधील एजेनेरा कंपनीने त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले. गोल्डमन सॅक्स या पेढीचे तंत्रप्रमुख राहिलेले व्हर्न ब्राउनेल यांनी २००० मध्ये ती स्थापन केली होती, आणि तिच्या ब्लेडमध्ये प्रोसेसर आणि स्मृती यांखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. एक ब्लेड मेले तर त्याचे काम त्याच्या नावासह दुसऱ्या ब्लेडवर न्यावे, ही कल्पना येथे प्रत्यक्षात उतरली. हा मान मी निःसंकोचपणे एजेनेराला देईन, जरी बाजारात पुढे नाव झाले ते इतरांचे.

२००७ च्या सुमारास एचपीच्या व्हर्च्युअल कनेक्टने सर्व्हर प्रोफाइल हा प्रकार रूढ केला, आणि मार्च २००९ मध्ये सिस्कोने यूसीएस ही आपली ब्लेड सर्व्हरांची प्रणाली जाहीर करून त्याला पूर्ण रूप दिले. यूसीएस घडविणारे मारिओ माझोला, प्रेम जैन आणि लुका काफिएरो यांनी त्यापूर्वी अँडियामो या कंपनीत फायबर चॅनेलचे स्विच तयार केले होते. झोन आणि जागतिक नावे यांचा जाच त्यांनी जवळून पाहिला असणार, आणि म्हणूनच सर्व्हर रचताना त्यांनी हात घातला तो प्रथम नावांच्या प्रश्नाला, असे मला वाटते. पेशवाईत मामलेदाराची बदली झाली तरी तालुक्याचे दफ्तर, शिक्का आणि वहिवाट कचेरीतच राहत, आणि नवा मनुष्य त्याच गादीवर बसून कारभार हाती घेई. तसेच काहीसे येथे झाले. कार्डांची नावे, इथरनेटचे क्रमांक, बूटचा, म्हणजे चालू होण्याचा, क्रम, बायोसच्या बाबी, हे सारे सर्व्हिस प्रोफाइलमध्ये लिहिले जाऊ लागले, आणि ते प्रोफाइल ज्या ब्लेडवर तैनात होई ते ब्लेड त्या हुद्द्याचे होई.

पण शंभर ब्लेडांची शंभर प्रोफाइले हातांनी लिहावयाची तर चुकांचा जुना रोग परत आलाच. म्हणून टेम्प्लेट आले. टेम्प्लेटमध्ये नाव न लिहिता नावांच्या पूलचा निर्देश असतो, आणि टेम्प्लेटवरून जे प्रोफाइल निघेल त्याला पूलमधील पुढचे मोकळे नाव आपोआप मिळते. सिस्कोची अशी नावे रिवाजाने २०:००:००:२५:बी५ ने आरंभ होतात, आणि जाणते कारागीर उरलेल्या अंकांत सॅनच्या दोन जाळ्यांपैकी एका जाळ्यासाठी ए आणि दुसऱ्यासाठी बी घालतात, म्हणजे स्विचवर नाव पाहताच ते कोणत्या बाजूचे हे समजते. बूटच्या धोरणात दोन कार्डे आणि प्रत्येकास भांडाराची दोन दारे लिहिली की डिस्कपर्यंत चार वाटा होतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती याहून निराळीच गोष्ट: नावे आधीच ठरलेली असल्यामुळे ब्लेड बंदरावर अजून उतरलेही नसता त्याचे झोन आणि मास्किंग लिहून ठेवता येते. जे काम पूर्वी यंत्र आल्यावर आठवडाभर चाले, ते आता यंत्राची वाट पाहत तयार असते.

टेम्प्लेटचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद ज्याला कळला नाही त्याने या कामाला हात लावू नये. पहिल्या प्रकारात प्रोफाइल एकदा निघाले की टेम्प्लेटशी त्याचा संबंध संपतो; दुसऱ्यात तो टिकतो, आणि टेम्प्लेटमधील एक ओळ बदलली की तिच्याशी बांधलेल्या सर्व सर्व्हरांत ती बदलते. बदल असा असेल की ज्याला यंत्र पुन्हा चालू करावे लागते, आणि देखभालीचे धोरण तत्काळ अंमलाचे असेल, तर भर दुपारी सगळी चॅसी एकदम पुन्हा चालू होते. म्हणून अनुभवी माणसे धोरण असे ठेवतात की, व्यवस्थापकाने मान्यता दिल्यावाचून कोणत्याही यंत्राने स्वतःस पुन्हा चालू करू नये.

एप्रिल २००४ मध्ये मानक ठरलेल्या आयस्कझीने दूरच्या भांडारातील डिस्क वापरण्याची फायबर चॅनेलची सोय साध्या इथरनेटवर, स्वस्तात करून दिली. तिच्यावरून बूट होण्याची रीत २००५ मध्ये स्वतंत्रपणे लिहिली गेली. २०११ मध्ये व्हीएमवेअरच्या ऑटो डिप्लॉयने कार्यप्रणाली डिस्कवर न ठेवता प्रत्येक वेळी थेट स्मृतीत उतरविण्याचा मार्ग दाखविला. अलीकडे बोटाएवढी एम.२ कार्डे स्वस्त झाल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ब्लेडच्या आत अशी दोन कार्डे एकमेकांची प्रत म्हणून बसवितात आणि सॅनवरून बूट करण्याचा खटाटोप सोडून देतात. तरीही त्याच ठिकाणी प्रोफाइल, पूल आणि टेम्प्लेट पूर्ववत चालू असतात. कार्यप्रणाली ब्लेडच्या आत परत आली आहे, पण नावे अजूनही पूलमधूनच येतात आणि विदेचे लन अजूनही त्याच नावांवर दिलेले असतात.