कवचाला आकडा कसा मिळाला

मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युतरोधक थर आणि त्यावर धातूचं कवच: कोॲक्सियल केबलची ही मांडणी जुनीच. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत याच मांडणीवर आधारलेल्या दूरसंचार केबलसाठी पेटंटचा अर्ज केला. आता एक प्रश्न टाळता येईना. हे कवच बाहेरच्या लहरींना नेमकं किती अडवतं?

बाहेरून लहरी सोडून आत काय पोचतं ते पाहावं, तर खोली, अँटेना, केबलची ठेवण यांपैकी काहीही बदललं की उत्तर बदलतं. यातून वाट काढली सर्गेई शेल्कुनॉफ या गणितज्ञाने. रशियात जन्मलेले शेल्कुनॉफ बेल प्रयोगशाळेत काम करत. १९३४ मध्ये त्यांनी दाखवलं की लहरी अखेर कवचात विद्युतप्रवाह निर्माण करतात, तेव्हा तो प्रवाहच हिशेबात धरावा. कवचावरून एक अँपिअर वाहिला तर केबलच्या दर मीटरमागे आत किती व्होल्ट उमटतात? हे गुणोत्तर म्हणजे ट्रान्सफर इम्पीडन्स. तो जितका कमी, तितकं कवच चांगलं. हा गुण केबलचा स्वतःचा, खोलीचा नव्हे.

अखंड नळीत वारंवारता वाढेल तसा प्रवाह बाहेरच्या पृष्ठभागालाच चिकटून राहतो. १ मेगाहर्ट्‌झला तांब्यात तो जेमतेम ०.०६६ मिलिमीटर खोल शिरतो, म्हणून गळती घटत जाते. पण केबल वाकायला हवी, तर कवच तारांच्या जाळीचं लागतं. जाळीला छिद्रं असतात. काही मेगाहर्ट्‌झनंतर त्यांतून चुंबकीय क्षेत्र आत शिरतं आणि गळती पुन्हा वाढू लागते. जाळीखाली ॲल्युमिनियम फॉइल घालतात ते यासाठीच.

मोजण्यासाठी केबल एका धातूच्या नळीत ठेवतात. केबलमध्ये संकेत सोडायचा आणि कवचातून नळीत किती झिरपला ते मोजायचं. आतून बाहेर होणारी गळती आणि बाहेरून आत होणारी गळती यांना एकच नियम लागू असल्याने ही उलटी वाटही चालते. वरच्या वारंवारतांसाठी केबलवर फेराइटच्या कड्यांचा चिमटा बसवण्याची पद्धतही आहे. तो चिमटा स्विस टपाल-तार खात्याच्या मेयर द स्टाडेलहोफेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडला.

आज युरोपीय मानकात टीव्ही केबलचे वर्ग याच मोजमापांवर ठरतात. ५ ते ३० मेगाहर्ट्‌झमध्ये ‘ए’ वर्गाला मीटरमागे ५ मिलिओहमची मर्यादा आहे, तर ‘ए प्लस प्लस’ला ०.९ ची. ३० ते १००० मेगाहर्ट्‌झमध्ये त्यांना अनुक्रमे किमान ८५ आणि १०५ डेसिबल अटकाव करावा लागतो. या २० डेसिबलचा अर्थ, आत शिरणारा व्होल्टेज दहापट कमी. तेव्हा केबल घेताना वरच्या प्लॅस्टिकच्या जाडीवर जाऊ नका. कवचाचा वर्ग विचारा.