वलगाव ते पवनी : न लिहिलेली नावे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, हे आज आमच्या शाळकरी पोरालाही सांगता येते. बाबासाहेबांनी कुशीनाराच्या भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून धम्मदीक्षा घेतली, मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली आणि त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. परंतु त्या लाखोंमध्ये वलगावचे कोण होते? कोण काय विकून गेले? परतल्यावर गाव त्यांच्याशी कसे वागले? आमच्या इतिहासाला नेता आहे, तारीख आहे, स्थळ आहे. माणसे मात्र आकड्यात विरून गेली आहेत.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो घरच्याच एका प्रवासात. मागच्या हिवाळ्यात आम्ही गाडी करून वलगावहून निघालो. मी, बायको, भावाचे कुटुंब, मुले आणि आई. नागपूर, कामठी, पवनी असा बेत होता. आई १९५६ साली दहा वर्षांची होती. बापाचे बोट धरून ती नागपूरला गेली होती.

वलगावहून अमरावती दहाएक किलोमीटर. येथे अंबादेवीचे देऊळ आहे. त्याचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून नोव्हेंबर १९२७ मध्ये इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. तरीही त्यांनी कामकाज पार पाडले. सत्याग्रह तेव्हा पुढे ढकलला गेला. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली. अमरावती ते नागपूर हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. मोझरी, तळेगाव, कारंजा, कोंढाळी करीत आमची गाडी ते काही तासांत तोडते. देवळाचे दार ठोठावणाऱ्या समाजाला देवळाकडे पाठ फिरवून दीक्षाभूमीवर पोचायला मात्र एकोणतीस वर्षे लागली.

नागपूर पाहून मुले हरखली. सीताबर्डीची गर्दी, डोक्यावरून धावणारी मेट्रो, संत्रा बर्फीची दुकाने. मुलांना शहर आवडले याचे मला बरे वाटले, कारण आमच्या मुक्तीत शहराचा वाटा मोठा आहे. या भागातला महार जाडेभरडे कापड विणीत असे. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांत आमची माणसे शिरली. गावकीच्या कामातून सुटलेल्या माणसाच्या हाती रोख मजुरी आली. त्या मजुरीतून वर्गणी निघाली आणि वर्गणीतून परिषदा उभ्या राहिल्या. १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली ती इथेच. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले तेही इथेच. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात नागपूर निवडण्याचे कारण सांगितले, ते नाग लोकांनी केलेल्या धम्मप्रसाराचे. त्या जुन्या भूमीवर एवढा मोठा सोहळा उभा राहू शकला, यामागे या कामगारवस्त्यांचे संघटन होते असे मी मानतो. एम्प्रेस मिल आज बंद आहे. तिच्यात राबलेल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

दीक्षाभूमीचा भव्य स्तूप २००१ साली खुला झाला. आई त्याच्याकडे पाहत म्हणाली, "तवा हे काहीच नोतं बापा. निस्तं मैदान, अन् पांढऱ्या कपड्यातले मानसं. माह्या मायनं कानातले मोडले होते गाडीभाड्यासाठी." मुले ऐकत राहिली. माझ्या आजीने कानातले मोडले, हे घरात मलाही आजवर कोणी सांगितले नव्हते.

कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली जपानी धम्मबांधवांच्या दानातून उभे राहिले. ते सुंदर आहे, शांत आहे, स्वच्छ आहे. लोक येतात, फोटो काढतात, जातात. याच कामठीत विडी कामगारांना संघटित करणारे आणि 'जयभीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास झाले. १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ साली, ऐन पस्तिशीत, गेले. ओठांवर जयभीम असलेल्या किती प्रवाशांना हे माहीत असते?

शेवटी वैनगंगेच्या काठी पवनी. १९६९-७० साली पुरातत्त्व खाते आणि नागपूर विद्यापीठ यांनी येथील जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा इसवी सनापूर्वीचा स्तूप उजेडात आला. कठड्याच्या दगडांवर मुचलिंद नाग कोरलेला आहे. आणि ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत! स्तूप राजाच्या खजिन्यातूनच उभे राहतात, हा समज ही नावे खोडून काढतात. साध्या उपासकाने दगड दिला, त्या दगडावर त्याचे नाव राहिले. मातीखाली दोन हजार वर्षे गाडले गेले, तरी राहिले.

कानातले मोडणाऱ्या माझ्या आजीचे दान त्या दगडाहून कमी होते काय? मग तिचे नाव कोठे आहे? प्रस्थापित इतिहासकारांनी आमची नावे लिहिली नाहीत, ही तक्रार खरी आहे. परंतु आपल्या विहाराच्या भिंतीवर नावे लिहिण्यापासून आपल्याला कोणी अडविले आहे? तेथे पंखा देणाऱ्याचे नाव असते. १९५६ साली नागपूरला गेलेल्यांचे नसते.

आमचे वलगाव लोकांना ठाऊक आहे ते गाडगेबाबांमुळे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. त्याची नोंद झाली, हे योग्यच झाले. त्याआधी दोन महिने याच गावातून नागपूरला निघालेल्यांची नोंद अजून व्हायची आहे. मी ती वही सुरू केली आहे. दीक्षेच्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात अशी वही या वर्षीच उघडावी. कोण गेले, कसे गेले, काय मोडून गेले, एवढे जरी लिहिले तरी पुरे आहे. स्तूप पुढेही बांधता येतील. ही माणसे गेल्यावर ही नावे कोणत्याही उत्खननात सापडणार नाहीत.